लाल दोऱ्याची बाटली

मी एक जुनी, पिवळी पडलेली थेंबांची बाटली आहे. मित्रांनो, माझी उंची तुमच्या करंगळीएवढी. गळ्यात एक लाल दोरा आहे, आणि टोपण हरवलेलं आहे. हुपरी गावात एका घराच्या परसाच्या भिंतीमागं, घाणेरीच्या झुडपात मी आडवी पडून आहे. माझ्या पोटात अजून थोडंसं काहीतरी आहे. दिसायला ते पाणी दिसतं, पण पाणी नव्हे. ते काय आहे हे कळायला माझी गोष्ट ऐकावी लागेल. मला हात लावायच्या आधी ऐका, एवढंच माझं म्हणणं आहे.

माझा जन्म औषधाच्या कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्याला टोपी, तोंडाला फडकं आणि हातात मोजे घालून वावरायची. उघड्या हातानं मला कुणी शिवलं नाही. मला वाटायचं, आपण फारच सोवळ्यातल्या आहोत! स्वच्छ, किंचित दाट पाणी माझ्यात भरलं, तोंडावर बारीक छिद्राची चोच बसवली, वर पांढरं टोपण लावलं आणि अंगावर चिठ्ठी चिकटवली. त्यावर छापलं होतं, डोळ्यांत घालण्याचे थेंब, उघडल्यापासून महिन्याभरात वापरावे व बाटली टाकून द्यावी. त्या टाकून देण्याचा मला भारी राग यायचा. एवढ्या नखऱ्यानं जन्माला घालायचं आणि महिन्यात उकिरडा दाखवायचा, हा कुठला न्याय? आज इथं पडल्या पडल्या वाटतं, माझ्या अंगावर लिहिलेलं सगळ्यात शहाणं वाक्य तेच होतं.

कोल्हापुरात डोळ्यांच्या एका दवाखान्याखाली औषधाचं दुकान होतं. अठ्ठ्याण्णव सालच्या पावसाळ्यानंतर मी तिथल्या फळीवर येऊन बसले. एके दिवशी हुपरीहून एसटीनं आलेलं एक जोडपं दवाखान्याचा जिना उतरून दुकानासमोर उभं राहिलं. भरमाप्पा आणि त्याची बायको शिवलीला. तिचे डोळे लाल होते आणि ती ते पदरानं सारखे टिपत होती, पण पदर कोरडाच राहत होता.

"दिवसातनं चार-पाचदा एकेक थेंब," दुकानदार मला पुढं करत म्हणाला. "वैनी, चोच पापणीला लावायची न्हाई. आनि म्हैना झाला की बाटली टाकायची, उरलं असलं तरी."

"उरलं असलं तरी?" भरमाप्पाचे डोळे विस्फारले. "आनि हे किती दिस घालायचं म्हनायचं?"

"डॉक्टरनी सांगितलं न्हाई व्हय? कायमचं. हे औषध बरं करत न्हाई पावणं, सांभाळतंय."

सांभाळतंय! हा शब्द ऐकून माझी छाती फुगली. मित्रांनो, बाटलीला छाती असते का, असं विचारू नका. मान मिळाला की ती येते.

हुपरीच्या त्या घरात पुढच्या खोलीतच कारखाना होता. गावात घरोघरी असतो तसाच. भरमाप्पा चांदी आटवायचा, तार ओढायचा, कड्या पाडायचा. त्या कड्या एकीत एक ओवून पैंजणाची साखळी व्हायची, आणि मग प्रत्येक कडीचा जोड ज्योतीनं पक्का करायचा. त्याला डाग देणं म्हणतात. हे काम शिवलीलाचं. तोंडात फुंकणी धरून ती दिव्याची ज्योत सुईसारखी बारीक करायची आणि नेमकी जोडावर सोडायची. क्षणभर उशीर झाला की कडीच वितळून जाते. म्हणून ती पापणी लववायची नाही. लग्न होऊन आल्यापासून ती अशीच ज्योतीकडे टक लावून बसली होती. गल्लीत तिच्यासारखा बारीक डाग कुणाचा नव्हता. व्यापारी यायचे ते तिच्या हातचं काम मागत. घर तिच्या दोन डोळ्यांवर उभं होतं, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच कधी बोलून दाखवत नव्हतं.

त्या डोळ्यांतलं पाणी हळूहळू आटलं. डोळ्यांत वाळू पडल्यासारखं खुपायचं. सकाळी पापण्या चिकटून बसायच्या, बोटांनी सोडवाव्या लागायच्या. तिची आई वारली तेव्हा ती धाय मोकलून रडली, पण डोळ्यांतून टिपूस आलं नाही. माहेरच्या भावकीत कुजबुज झाली, म्हणे पोरीला आईचं काही वाटलंच नाही. ते बोलणं तिच्या काळजात रुतून बसलं होतं.

भरमाप्पाच्या आईचं नाव शांतादेवी, घरात सगळे तिला अव्वा म्हणायचे. मला पाहून अव्वानं नाक मुरडलं. "पानी इकत आनून डोळ्यात घालायचं? गाईचं लोनी लाव की गं. आमी काय आंधळं झालो?"

"अव्वा, लोन्यानं चिकटतंय," शिवलीला म्हणाली. "डॉक्टर म्हनले, तुमचं पानी आटलंय, हे बाहेरनं घालायचं."

ती खिडकीशी बसली, मान मागं टाकली, खालची पापणी बोटानं ओढली आणि मला हलकेच दाबलं. माझा पहिला थेंब तिच्या डोळ्यात उतरला. तिनं डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला. डोळ्याच्या कोपऱ्यातून थोडं पाणी गालावर ओघळलं. ते तिनं पुसलं नाही. बोटावर घेऊन बघत राहिली. मित्रांनो, मी पुढं पुष्कळ काही पाहिलं, पण तेवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

महिनाभर मी खिडकीच्या फळीवर, तिच्या हाताशी राहिले. काम चालू असताना मधूनच ती फुंकणी खाली ठेवायची, एक थेंब घालायची आणि पुन्हा ज्योतीकडे वळायची. मग माझं पोट रिकामं झालं. नवी बाटली आली, हुबेहूब माझ्यासारखी. मी जायची तयारी केली.

"आई, ही मला दे की," शिवलीलाची लेक प्रेरणा म्हणाली. ती तेव्हा सहावीत होती. "रंगपंचमीला बारकी पिचकारी करतो हिची. गल्लीतली समदी पोरं असल्याच बाटल्या हुडकत्यात."

मला तो बेत आवडला होता. पण भरमाप्पानं मला तिच्या हातातून काढून घेतलं आणि बोटांत धरून दाबून पाहिलं. "थांब गं. असली नेमका थेंब पाडनारी वस्तू टाकतंय व्हय कोन?"

आता चांदीच्या घरातली एक गोष्ट सांगते. चांदी खरी किती आणि भेसळ किती, हे बघायला ती जराशी घासतात आणि तिथं तेजाबाचा एक थेंब सोडतात. पांढरट डाग उमटला तर चांदी चोख, हिरवा फेस आला तर तांबं मिसळलेलं. तेजाब म्हणजे जळजळीत आम्ल. भरमाप्पा आजवर ते काचेच्या काडीनं घ्यायचा. थेंब कधी मोठा पडायचा, कधी बोटावर. त्याच्या बोटांची टोकं कायमची पिवळी झालेली होती.

त्यानं माझी चोच उपसून काढली, मोठ्या काचेच्या बरणीतलं तेजाब माझ्यात ओतलं आणि चोच पुन्हा ठोकून बसवली. मित्रांनो, ज्या पोटात डोळ्याचं औषध होतं त्याच पोटात ते आलं. मी किंचाळले असते, पण बाटलीला आवाज नसतो. अंगावरून एक ओघळ आला आणि माझी चिठ्ठी खाऊन गेला. तिच्यावरचं शहाणं वाक्यही गेलं.

भरमाप्पा काही बेफिकीर माणूस नव्हता. पैंजणाच्या जोड्या बांधायचा लाल दोरा त्यानं घेतला, माझ्या गळ्यात घट्ट गुंडाळला आणि बायकोला म्हणाला, "हे बघ. हाताला दोरा लागला की ती माजी. बिनदोऱ्याची तुजी. डोळं मिटून बी कळंल."

"व्हय, पन वर ठेवा की ती. कोनाड्यात," शिवलीला म्हणाली.

"तर काय! तिथंच ऱ्हानार ती."

दोघांनी मान डोलावली. प्रेरणाला दटावून सांगितलं, कोनाड्यातल्या बाटलीत तेजाब आहे, शिवायचं नाही. अव्वा तेव्हा देवळात गेली होती. तिला सांगायचं राहून गेलं. एवढंच राहून गेलं.

पुढं दोनेक वर्षं मी भरमाप्पाची चाकरी केली. कौतुकही झालं. "झकास युक्ती काढलासा," असं व्यापारी म्हणायचे, आणि मग आपापल्या घरी जाऊन तेच करायचे. डोळ्याची, कानाची, नाकाची, मिळेल ती बाटली. गावात माझ्या किती बहिणी अशा कोनाड्यांत बसल्या असतील, कोण जाणे.

पण माझं अंग बदलत चाललं. तेजाबानं मी आतून पिवळी पडले, मग कडक होत गेले. पूर्वी बोट टेकलं की दबायचे. आता भरमाप्पाला अंगठ्याचा जोर लावावा लागायचा. "म्हातारी झालीस गं," म्हणून तो हसायचा. समोर खिडकीच्या फळीवर दर महिन्याला नवी, मऊ, पारदर्शक बाटली यायची, शिवलीलाच्या डोळ्यांत उतरायची, संपायची. मला हेवा वाटायचा. आणि हेव्याच्या मागून भीती वाटायची. आम्ही दोघी एकाच मापाच्या, एकाच घाटाच्या. मध्ये फक्त एक दोरा.

एकदा प्रेरणानं कोनाडा झाडताना हाताला फडकं गुंडाळून मला उचललं आणि खिडकीच्या फळीवर ठेवून ती विसरली. सकाळी शिवलीला उठली, चिकटलेल्या पापण्यांनी चाचपडत फळीपाशी आली, आणि तिचा हात माझ्यावर पडला. बोटाला दोरा लागला. ती थबकली. "आगं बया," म्हणून तिनं मला दोन बोटांत धरून पुन्हा कोनाड्यात नेऊन ठेवलं. त्या दिवशी लेकीला चार शब्द ऐकावे लागले आणि विषय संपला. मला मात्र त्या दिवसापासून त्या दोऱ्याची काळजी लागली. तो कुजला तर? तुटला तर? दोरा तुटेल, एवढंच मला सुचलं. दुसरं काही होऊ शकेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

सन दोन हजारचा दसरा आला. खंडेनवमीला आमच्याकडे काम बंद. ऐरण, हातोड्या, सांडशी, चिमटे, फुंकणी, सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडतात, हळदीकुंकू वाहतात. त्या घराची आणखी एक रीत होती. प्रत्येक हत्याराला लाल दोरा बांधायचा. ज्याच्यावर घर चालतं त्याच्याशी वर्षाचा करार, असं अव्वा म्हणायची.

अव्वा दोऱ्याचं रीळ घेऊन पाटासमोर बसली. फुंकणीला दोरा बांधला. मग तिची नजर खिडकीकडे गेली. ती उठली, शिवलीलाची थेंबांची बाटली घेऊन आली आणि तिच्याही गळ्यात दोरा बांधायला लागली.

"अव्वा, ते औषध हाय," शिवलीला चुलीपाशी बसूनच हसून म्हणाली. तिला माझी आठवण झाली नाही.

"असू दे की. मी पयल्यांदा नावं ठेवली हिला. पन हिच्या जिवावर तुझं डोळं चालत्यात, आनि तुझ्या डोळ्यांच्या जिवावर आमी खातोय. हे बी हत्यारच," अव्वा म्हणाली आणि तिनं गाठ मारली.

इतक्या वर्षांत सासूनं एवढं कधी बोलून दाखवलं नव्हतं. शिवलीलाला भरून आलं. डोळे मात्र कोरडेच होते. ती पुन्हा पोळी लाटायला वळली. आणि मी कोनाड्यातून ती गाठ बघत होते. मित्रांनो, मायेनं मारलेली ती गाठ बघून मी आतून थिजून गेले.

भरमाप्पा झेंडूची फुलं आणायला बाजारात गेला होता. प्रेरणा शाळेतल्या मैत्रिणीकडे आपट्याची पानं आणायला पळाली होती. राहिलेली हत्यारं अव्वानं स्वतःच गोळा केली. स्टुलावर चढून तिनं कोनाडा रिकामा केला. कानस आली, कात्री आली, आणि मी आले.

"हिला आदीच बांधलाय बघ कुनीतरी," ती स्वतःशीच म्हणाली आणि मला पाटावर, त्या दुसऱ्या बाटलीला खेटून ठेवलं. दोघींवर कुंकू पडलं. दोघींवर परसातल्या जास्वंदीचं एकेक फूल आलं.

शेजारची बाटली नवी होती, अल्लड होती. तिला वाटलं, आज आपला सण. मी तिला सांगत होते, गडगड, खाली पड, इथून लांब हो. पण बाटल्या आपल्या आपण गडगडत नाहीत. आम्हाला कुणीतरी उचलतं आणि कुणीतरी ठेवतं.

दुपारी चुलीला ओली लाकडं लागली. घरभर धूर कोंडला. पुरणपोळ्या भाजता भाजता शिवलीलाच्या डोळ्यांची आग आग झाली. डोळे उघडवेनात. पिठाचे हात पदराला पुसत, भिंतीला धरत ती बाहेर आली. खिडकीची फळी चाचपली, रिकामी. मग तिला आठवलं, आपली बाटली पाटावर आहे.

ती पाटाशी बसली. हात फिरवला. ऐरण लागली, फुंकणी लागली, आणि मग मी. तिच्या बोटाला दोरा लागला.

एरवी ती तिथंच थांबली असती. आज तिच्या ओठांवर हसू आलं. अव्वांनी बांधलेला दोरा, तिला वाटलं.

तिनं माझं टोपण काढलं. माझा उग्र वास ऊद आणि धूर यांत हरवून गेला. तिनं मान मागं टाकली. बोटानं खालची पापणी ओढली. मी तिच्या डोळ्यावर उलटी झाले. तो डोळा मला माझ्या पहिल्या दिवसापासून ओळखीचा होता. लाल, थकलेला, आणि माझी वाट बघणारा. तिनं दाबलं.

मी दबले नाही. अंग इतकं कडक झालं होतं की थेंब आला तो चोचीच्या टोकाशीच आला आणि तिथं लोंबत राहिला.

"आज येवढी घट्ट का हाय ही?" शिवलीला म्हणाली. ही तर परवाच उघडलेली. तिनं बोट सैल केलं आणि बघण्यासाठी मान उचलली. तेवढ्यात थेंब सुटला. पापणीच्या खाली, बोटभर अंतरावर, गालाच्या हाडावर पडला.

तिची किंकाळी ऐकून अव्वा धावत आली. काय झालं तिला कळलं नाही, पण सुनेचा हात गालावर, गालावर पिवळा चट्टा आणि खाली पडलेली मी, एवढं तिनं पाहिलं. पूजेसाठी भरून ठेवलेली घागर तिनं उचलली आणि सुनेच्या तोंडावर ओतली. मग दुसरी ओतली. "डोळं मिट, डोळं मिट गं लेकी," म्हणत ती ओततच राहिली. हत्यारं भिजली, फुलं वाहून गेली, कुंकवाचं लाल पाणी उंबऱ्याबाहेर गेलं.

भरमाप्पा झेंडूच्या माळा घेऊन दारात आला तो तसाच उभा राहिला. माळा त्याच्या हातातून गळल्या.

"दिसतंय का? शिवलीला, दिसतंय का तुला?"

"दिसतंय," ती म्हणाली. "गाल जळालाय नुसता. डोळ्यात न्हाई गेलं."

त्यानं मला बघितलं, शेजारी दोरा बांधलेली दुसरी बाटली बघितली, आणि त्याला सगळं कळलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. त्यानं मला उचललं, मागच्या दारात गेला आणि जीव खाऊन भिंतीपलीकडे भिरकावलं.

"तिच्यावर कशापायी राग काढतोस?" अव्वाचा आवाज मला झुडपातून ऐकू आला. "बाटलीनं काय केलं? भरलं कुनी तिच्यात? आनि मला सांगितलं का न्हाईस, मेल्या?" मग ती म्हातारी मोठ्यानं रडायला लागली.

पुढचं मी भिंतीपलीकडूनच ऐकलं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, नशीब थोर, डोळा वाचला, गालावरचा डाग राहील. शिवलीला पुन्हा ज्योतीसमोर बसायला लागली. थेंब आता स्वयंपाकघरातल्या डब्यात असतात, आणि रिकामी बाटली चुलीसमोर बसून ती स्वतः कापते. एकदा ती भरमाप्पाला म्हणाली, "ती बाटली हुडकून आना. गाडून टाकू."

"गेली आसंल कुठंतर गटारीत. आता कशाला हुडकायची?" तो म्हणाला. खरं म्हणजे त्याला मला पुन्हा बघायचं नव्हतं. माणसं असंच करतात. ज्याची भीती वाटते ते नजरेआड टाकतात आणि संपलं असं समजतात.

मी संपलेली नाही. मी आडवी आहे, आणि माझं छिद्र इतकं बारीक आहे की आतलं बाहेर सांडलं नाही. झुडपाखाली ऊनही फारसं येत नाही. हिवाळा गेला, होळी झाली.

म्हणून मित्रांनो, सांगते. औषधाच्या बाटलीत औषधाशिवाय दुसरं काही भरू नका. संपली की तिला कापा, मग टाका. घरात धोक्याची वस्तू असेल तर ती कुठली आहे हे सगळ्यांना सांगा, देवळात गेलेल्या आजीलासुद्धा. आणि जी बाटली तुमच्या हातची नाही, ती डोळ्यांजवळ नेऊ नका, कुणाच्या डोळ्यांवर रोखू नका.

हे मी मोठ्यानं सांगते आहे, पण मघाशी म्हटलं तसं, बाटलीला आवाज नसतो. आज सकाळपासून भिंतीमागं पोरांची पळापळ चालू आहे. उद्या रंगपंचमी. ती पिचकाऱ्यांसाठी बाटल्या हुडकत फिरताहेत. पावलं झुडपापाशी आली आहेत. फांद्या बाजूला झाल्या, आणि खूप दिवसांनी माझ्यावर ऊन पडलं.

"ए, हिकडं या रे," कुणीतरी म्हणालं. "ही बघा, लाल दोऱ्याची. हिच्यात पानी बी हाय."